लग्नाच्या तारखेसाठी पुढचे दात काढून टाकावेत का?

पत्र: डॉक्टर मावशी, मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. वय 26, एका सौहार्द सहकारी सोसायटीत कामाला आहे. माझे वरचे पुढचे दात पुढे आलेत, एकावर एक चढलेत, ओठ नीट मिटत नाहीत. फोटो काढताना हात आपोआप तोंडावर जातो. दोन स्थळं बघून गेली. कारण कुणी सांगितलं नाही, पण आत्या म्हणते दातांमुळंच. "पुढचे चार काढून टाक आणि फिक्स बसवून घे की, तुळशीच्या लग्नाआधी मोकळी होशील," असं तिचं चाललंय. बाजारपेठेतला एक जण आठवड्यात करून देतो म्हणतो. मैत्रिणीनं मोबाइलवर घरपोच अलाइनरची जाहिरात दाखवली. तारा लावायला माझं वय उलटून गेलंय का? आई म्हणते वरचे दात काढले की नजर जाते. खर्च किती येईल? महाराष्ट्राच्या त्या सीमाभागातल्या 865 गावांच्या आरोग्य योजनेतून काही मिळेल का? माझी भाची आठ वर्षांची आहे, अजून अंगठा चोखते, तिचंही माझ्यासारखंच होईल का? आणि एक सांगायचं राहिलं. आजीमुळं मला मिश्रीची सवय लागली आहे, फक्त आईला माहीत आहे. ब्रश केला की रक्त येतं.

उत्तर: मिश्रीचं तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, जाता जाता. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्यावर अडकलेली आहेत. तोवर एवढंच कर, की बाजारपेठेतल्या त्या माणसाकडे या आठवड्यात जाऊ नकोस.

निपाणी भागातल्या बाईला मिश्रीवरून बोल लावणं मला जमणार नाही. तिथं तंबाखू हे पीक होतं, तोच रोजगार होता, 1981 मध्ये तर शेतकरी त्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरले होते. विड्या वळणाऱ्या घरात तंबाखू हाताशीच असते. तव्यावर ती काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी चुलीपुढं बसून बोटानं हिरड्यांवर फिरवायची. आजीनं पाहिलं ते आईनं पाहिलं, आईनं पाहिलं ते तू. दात घासायचं म्हणून सुरू होतं आणि पुढं ते लावल्याशिवाय परसाकडं होत नाही, डोकं चालत नाही. ही तलफ आहे, आणि ती निकोटिनची आहे. भाजल्यानं तंबाखूतलं विष जात नाही. तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतो, जिथं रोज बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, आणि पुढं बाळंतपणात बाळाचं वजन कमी भरू शकतं.

शिवाय निकोटिनमुळं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळं हिरडीचा आजार असूनही रक्त कमी दिसू शकतं. तुझं रक्त दिसतंय, म्हणजे आत बरंच साचलेलं असणार. मिश्री सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसलं तर "बघ, सोडली म्हणून झालं" असं म्हणून डबी परत उघडू नकोस. पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. दोन-तीन आठवड्यांत ते बरंच उतरतं. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी 1800-112-356 ही देशपातळीवरची मोफत फोनसेवा आहे, तिथं बोल. डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिनचा पॅचही लावता येतो. पुढं तारा लावायच्या आहेत म्हणून निकोटिनचं च्युइंगगम मात्र तुझ्या कामाचं नाही, ते तारांना चिकटेल. आईला आधीच माहीत आहे, हे बरं झालं. तिलाही लागलेली असेल तर दोघी मिळून सोडा. एकाच घरात एकीची डबी उघडी आणि दुसरीची बंद, हे मी टिकलेलं पाहिलेलं नाही.

आता हिरड्यांचा डॉक्टर काय करेल ते सांगते. बारीक खुणांच्या सळईनं तो हिरडी आणि दात यांच्यामधली फट मोजेल. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल असेल आणि रक्त येत असेल तर तिथं आजार आहे. मग स्केलिंग करून दातांवरचा आणि हिरडीखालचा कीट काढतील, काही आठवड्यांनी परत मोजतील. स्केलिंगनं दात सैल होतात, फटी पडतात असं तुला गावात चार जण सांगतील. फट आधीपासूनच असते, ती किटानं भरलेली असते. कीट निघाला की दिसते, एवढंच. हिरडी सुजलेली असताना दाताला तारेनं ओढलं, तर त्याच्याभोवतीचं हाड आणखी वेगानं झिजतं. म्हणून जो डॉक्टर रक्त येणाऱ्या तोंडात पहिल्याच भेटीत तारा लावायला निघेल, त्याच्या खुर्चीतून उठून ये.

आत्याच्या सल्ल्याकडे येते. ती वाईट हेतूनं बोलत नाही. तिच्या पिढीत दात दुखला की काढायचा, वाकडा असला तरी काढायचा, हाच इलाज होता. पण तुझे ते चार दात किडलेले नाहीत, हलत नाहीत, त्यांची जागा चुकली आहे. ते काढले की ज्या हाडात ते उभे आहेत ते हाड हळूहळू आटायला लागतं, वरचा ओठ आत बसतो, आणि तिशीतच चेहरा थोराड दिसू लागतो. "फिक्स" म्हणजे ब्रिज बसवायचा तर शेजारचे चांगले दातही घासावे लागतात. दात न काढता नुसत्या कॅप बसवून सरळ दाखवतात, तोही प्रकार आहे. त्यासाठी दात चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर कापावा लागतो. तुझ्याइतके पुढे आलेले असतील तर कापताना नस उघडी पडते आणि चांगल्या दाताचं रूट कॅनल करावं लागतं. कॅप साधारण 10 ते 15 वर्षं चालते. हिशेब तू सोसायटीत करतेसच, तर हाही करून बघ: चाळिशीच्या आत-बाहेर एकदा बदलायची, पंचावन्नला परत, आणि प्रत्येक वेळी आतला दात आणखी थोडा कमी झालेला. कापलेलं इनॅमल परत येत नाही.

आठवड्यात करून देणारा तो माणूस बहुधा याहून सोपं काहीतरी करेल. दात उपटेल आणि लगेच गुलाबी-पांढरं अ‍ॅक्रिलिक कालवून शेजारच्या दातांना चिकटवून टाकेल. ते काढता येत नाही आणि त्याच्या खालून साफही करता येत नाही. दोन वर्षांत खाली हिरडी सडते आणि ज्या दातांचा आधार घेतला तेही हलायला लागतात. अशी तोंडं आमच्याकडे येतात तेव्हा चारऐवजी सहा-आठ दात गेलेले असतात. दंतवैद्यकासाठी आपल्याकडे 1948 पासून कायदा आहे. डॉक्टर बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी घेतलेला असतो आणि त्याला राज्याच्या डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. खरा डॉक्टर भिंतीकडे बोट दाखवतो.

वय उलटलं का? नाही उलटलं. हिरडी आणि हाड धड असेल तर चाळिशीतही दात हलवता येतात. दात हाडात सिमेंटनं बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा धाग्यांचा थर असतो. तारेचा मंद दाब पडला की ज्या बाजूला दाब तिथलं हाड शरीर स्वतःच विरघळवतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. दात असा हाडातून वाट काढत सरकतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. तुझ्यासारख्या दाटीत बऱ्याचदा सुळ्यांच्या मागची एकेक उपदाढ काढून जागा करावी लागते. उपदाढ सुमारे 7 मिलिमीटर रुंद असते. म्हणजे ती जागा बंद व्हायलाच सात-आठ महिने लागणार. त्याआधी दात रांगेत आणायचे, नंतर वरचे-खालचे एकमेकांवर नीट बसवायचे. दीड ते दोन वर्षं लागतात ती अशी. कुणी सहा महिन्यांत करतो म्हणाला, तर तो नक्की काय करणार नाही ते विचार. जोर वाढवून वेळ वाचत नाही, उलट मुळांची टोकं झिजतात.

तपासणीत एक गोष्ट स्पष्ट करून घे. दातच पुढे आलेत की वरचा जबडा पुढे आहे? चेहऱ्याच्या बाजूचा एक्स-रे, सेफॅलोग्राम, काढल्यावर ते कळतं. नुसते दातच पुढे असतील तर तारांनी काम होतं. जबडा बराच पुढे असेल तर मोठ्या वयात तारांबरोबर शस्त्रक्रियेचाही विषय निघू शकतो. तो निघाला म्हणून लगेच घाबरून जाऊ नकोस, तडजोडीचे मार्गही असतात. पण तारा लावायच्या आधी हे तुला माहीत असलं पाहिजे, वर्षानं नको.

आईला सांग, नजर जात नाही. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. दिसतं ते दुसऱ्या जोडीमुळं, वरच्या दातांचं दुखणं कळतं ते पाचव्या जोडीमुळं. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. पूर्वी दात पडायचे त्याच वयात मोतीबिंदूही व्हायचा, त्यातून ही समजूत आली असावी. माझ्या सासूबाईंनाही हे शेवटपर्यंत पटलं नाही, त्यामुळं आईवर फार जोर करू नकोस.

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या. वस्तू चांगली आहे. दिवसातले 20 ते 22 तास घालावी लागते, जेवताना काढायची, दर एक-दोन आठवड्यांनी पुढची. माझी हरकत "घरपोच" या शब्दाला आहे. ठसा घरी घ्यायचा, एक्स-रे नाही, हिरडीची फट कुणी मोजत नाही आणि दात सरकायला लागतात. तुझ्या हिरड्यांवर हे करणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. अमेरिकेत असा घरपोच धंदा करणारी मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि लोकांचे उपचार अर्ध्यावर लटकले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणार असशील तर जरूर घे. पण उपदाढा काढाव्या लागणाऱ्या दाटीत मला स्वतःला अजून धातूच्या तारांवरच जास्त भरवसा वाटतो, आणि पैसेही कमी लागतात.

पैशांचं. खासगी दवाखान्यात धातूच्या तारा ढोबळमानानं 30 ते 50 हजारांच्या आसपास पडतात, दातांच्या रंगाच्या सिरॅमिकला त्याहून जास्त, अलाइनर लाखाच्या पुढं. बहुतेक ठिकाणी हप्ते करून देतात. 865 गावांची महाराष्ट्राची योजना मोठ्या आजारांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी आहे, दात सरळ करायच्या तारा तिच्यात धरू नकोस. खरी बचत दंत महाविद्यालयात होते. बेळगावात दोन आहेत: केएलईचं व्ही. के. इन्स्टिट्यूट आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर महाविद्यालय. तिथं एमडीएस, म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जास्त जातो, रांग असते, आणि तुझी तपासणी करणारा पोरगा केरळचा किंवा दिल्लीचा निघाला तर "तोंड उघडा" एवढंच मराठी त्याला येत असेल. न समजलेल्या कागदावर सही करू नकोस. मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगणारं माणूस तिथं सापडतंच, मागून घे.

पण निपाणीहून बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या जवळजवळ निम्मं. दर चार ते सहा आठवड्यांनी तार घट्ट करायला जावं लागेल, दोन वर्षं. सोसायटीतून सुट्टी कुठल्या वारी मिळते, महाराष्ट्राची एसटी नाहीतर कर्नाटकची बस कुठली सोयीची, हे बघून ठिकाण ठरव. पुण्यात कुणी नातेवाईक असेल म्हणून तिथं सुरू करू नकोस. अर्ध्यात डॉक्टर बदलणं फार कटकटीचं असतं, पैसे दोनदा जातात. कुठंही गेलीस तरी डॉक्टर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर याच विषयातलं तीन वर्षांचं एमडीएस केलेला, असावा. ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) आणि सेफॅलोग्रामच्या प्रती आणि सुरुवातीचे फोटो स्वतःजवळ ठेव.

दुखतं का, तर हो, तार बसवल्यावर आणि प्रत्येक वेळी घट्ट केल्यावर तीन-चार दिवस ठणकतं. पॅरासिटामॉल पुरते. इतर वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानं महिनोन् महिने घेऊ नकोस, त्यातल्या काहींनी दात सरकणं मंदावू शकतं. गाल सोलले तर तारेवर लावायचं मेण देतात. भाकरी सोडायची गरज नाही, आमटीत कुस्करून खा. ऊस मात्र दोन वर्षं दातानं सोलायचा नाही. गुऱ्हाळावर रस पी, तोही प्यायल्यावर चूळ भरून. गोकाकचं करदंट, चिक्की, फुटाणे, कणीस हे सगळं दातावर चिकटवलेलं, तार धरणारं ब्रॅकेट उखडतं, आणि उखडलेलं प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे उपचार काही आठवडे लांबणं. कुंदा मऊ असतो म्हणून चालतो असं पेशंट मला हसत सांगतात. ब्रॅकेटला चालतो. पण ती साखर तारेखाली बसून राहते आणि तारा काढल्यावर दातांवर पांढरे चौकोन उरतात. चिरमुऱ्यांचे कण तर काढता काढता जीव जातो. जेवणानंतर ब्रश, रात्री तारेखालून जाणारा बारीक ब्रश, आणि पेस्ट फ्लोराइडची. ट्यूबवर 1000 पीपीएमच्या आसपास आकडा असला पाहिजे. लाल मंजन, कोळसा, राख यांना सुट्टी दे, ते इनॅमल खरवडतात.

तारा निघाल्या की काम संपलं असं समजू नकोस. दात जुन्या जागी जायला बघतात, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. दातांच्या मागून एक बारीक पक्की तार चिकटवतात किंवा रात्री घालायचा रिटेनर देतात. तो कित्येक वर्षं रात्री घालायचा आहे. लग्नानंतर माहेरच्या कपाटात विसरून राहिलेले रिटेनर मी भरपूर ऐकले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी परत तारा लावायला येतात.

आता तुळशीचं लग्न. तोवर तुझ्या हिरड्या बऱ्या झालेल्या असतील, कदाचित तारा लागलेल्या असतील, दात सरळ झालेले नसतील. मला वाटतं तारा लावूनच स्थळ बघावंस. सिरॅमिकच्या घेतल्यास तर लांबून दिसतही नाहीत. लग्न मध्येच ठरलं तर फोटोपुरती पुढची तार एक-दोन दिवस काढून ठेवायला काही डॉक्टर तयार होतात, नुसती ब्रॅकेट उरतात. पुढं दिवस गेले तरी तारा चालू ठेवता येतात. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, म्हणून सफाई वाढवायची आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं. आत्याला हे सगळं पटवत बसू नकोस, तिला तपासणीला बरोबर घेऊन जा. एक्स-रेवर तुझ्या चार दातांची लांब, धडधाकट मुळं तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकत बघितली, की उपटायचं ती स्वतःच बोलायची थांबेल. नाहीच थांबली, तरी तोंड तुझं आहे.

त्या दोन स्थळांबद्दल मी काही बोलू शकत नाही. कारण त्यांनी सांगितलेलं नाही, आणि आत्यालाही ते माहीत नाही.

भाचीला त्याच फेरीत घेऊन जा. बहुतेक मुलं चारेक वर्षांची झाली की अंगठा सोडतात. आठव्या वर्षी पुढचे कायमचे दात नुकतेच येत असतात, अंगठा त्यांना बाहेर ढकलतो आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये उघडी फट राहते. तिची सवय आत्ता सुटली तर थोडंफार आपोआप मागं येतं. अंगठ्याला मिरची, कडुलिंब लावू नका, पोरांसमोर चिडवू नका, त्यानं मूल लपून चोखतं. दिवसा कधी चोखते आणि झोपेत चोखते का, हे आठवडाभर बघून लिहून ने. तेवढ्यानं नाही सुटलं तर टाळूला बसणारं एक छोटं उपकरण डॉक्टर देतात. आणि अंगठ्याबरोबर ती तोंडानं श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर दातांच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.